दामिनी मेहरे करिता

ओमप्रकाशराव वानखडे यांनी शिकवणी स्वतःहून काढली नाही, हे सर्वप्रथम नमूद करायला हवं. ते स्वतः येणाऱ्या-जाणाऱ्याला हेच ऐकवतात, म्हणून आपणही इथूनच सुरुवात करू. शिकवणी काढली त्यांच्या पत्नीने, म्हणजे गीतांजलीबाईंनी, आणि तीही फाटकात उभं राहून, पावशेर मिरच्या आणि सांभाराची जुडी घेता घेता. (सांभार म्हणजे कोथिंबीर. पुण्याकडच्या वाचकांनी इडली शोधू नये.)

भाजीवाल्या पार्वताबाई मेहरे नांदगाव पेठेकडच्या आपल्या मळ्यातली भाजी घेऊन रोज सकाळी अमरावतीला येत. त्या दिवशी त्यांचा चेहरा पडलेला होता. त्यांची दामिनी अकोल्याच्या एका दवाखान्यात नर्स होती. आयर्लंडमधल्या कुठल्याशा दवाखान्याने तिला घ्यायचं कबूल केलं होतं, फक्त इंग्रजीची वरची परीक्षा तेवढी पास करायची होती. बोलण्यात, ऐकण्यात, वाचण्यात पोरगी चांगली पास झाली. निबंधात सात पाहिजे होते, तिथे दोन्ही वेळा साडेसहा मिळाले.

“अर्ध्या मार्कानं लटकून राहिली पोरगी, वैनी,” पार्वताबाई म्हणाल्या. “ते तिकडचे लोकं मार्चपर्यंत थांबतो म्हणते. त्याच्या पुढं जागा दुसऱ्याले.”

“निबंध ना? मग आमच्या घरी काय कमी आहे?” गीतांजलीबाई म्हणाल्या. “यांनी चौतीस वर्षं इंग्रजीच तर लिहिलं.”

हे खरं होतं. सिंचनाच्या कचेरीत अधीक्षक म्हणून निवृत्त होईपर्यंत ओमप्रकाशरावांच्या हातचा मसुदा वरून एकदाही परत आला नव्हता. अमरावतीहून अकोल्याला बदली झालेले साहेबसुद्धा अवघड पत्र आलं की त्यांना फोन करत आणि ते फोनवरच स्वल्पविरामांसकट पत्र सांगत. निवृत्तीनंतर मात्र दोन वर्षांत त्यांनी इंग्रजीत एकच पत्र लिहिलं होतं, गॅस कंपनीला, आणि त्याचं उत्तर मराठीत आलं होतं. तेव्हा त्यांनी रीत म्हणून एकदा “छे, छे” म्हटलं आणि संध्याकाळी जाऊन खडूचा डबा आणला.

रविवारी दामिनी आली. सोबत तिच्याच दवाखान्यातला सागर नावाचा ब्रदर, म्हणजे पुरुष-नर्स, होता. त्यालाही तीच परीक्षा द्यायची होती, पण त्याला घाई नव्हती. त्याची घाई पुढच्या वर्षीची होती.

शेजारच्या बंडूभाऊंना ही बातमी कळायला तेवढा वेळ लागला, जेवढा चहा उकळायला लागतो. बंडूभाऊ म्हणजे सल्ल्याचं धरण. उन्हाळ्यातही आटत नाही.

“बोर्ड लावा, बोर्ड,” ते कुंपणावरून म्हणाले. “बोर्डाबिगर शिकवणी म्हणजे बँडाबिगर वरात.”

ओमप्रकाशराव नको म्हणत असताना बंडूभाऊंनी आपल्या ओळखीच्या पेंटरकडून बोर्ड करून आणला सुद्धा. त्यावर लाल अक्षरात लिहिलं होतं : ‘येथे ॲडव्हान्स मिळेल’, आणि खाली बारीक अक्षरात ‘इंग्रजी निबंध’. पेंटरची जागा संपली होती, असा बंडूभाऊंचा खुलासा. पहिल्या चार दिवसांत सात माणसं ॲडव्हान्स मागायला आली. एक म्हातारबा तर इतके समजूतदार होते की सगळं ऐकून घेऊन म्हणाले, “म्हणजे इंग्रजी आधी शिकवता अन् परीक्षा मागून येते. चांगलं आहे. पेरणीच्या आधी वखरणी पाहिजेच.” पाचव्या दिवशी बोर्ड उलटा करून तुळशीमागे ठेवण्यात आला.

शिकवणी मात्र जोरात सुरू झाली. पहिला विषय होता : मोबाइलमुळे माणसं जवळ आली असं काहींना वाटतं, दूर गेली असं काहींना वाटतं, दोन्ही बाजू मांडा आणि स्वतःचं मत द्या. ओमप्रकाशरावांनी फळ्यावर नमुना निबंध लिहिला. तो ‘विथ रेफरन्स टू द सब्जेक्ट सायटेड अबव्ह’ असा सुरू झाला, मधे ‘इट इज फर्दर सबमिटेड’ असं म्हणत दोन्ही बाजूंना मान देत गेला आणि स्वतःच्या मताशी येऊन थांबला तो असा : द मॅटर मे काइंडली बी डिसायडेड ॲट युवर लेव्हल. म्हणजे मोबाइलमुळे माणसं जवळ आली की दूर गेली, याबाबत आपल्या स्तरावरून निर्णय व्हावा, ही विनंती.

दामिनीने तो निबंध वहीत उतरवून घेतला. सागरने फोटो काढला. गीतांजलीबाईंनी दारातून पाहिलं आणि आपल्या नवऱ्याचं अक्षर अजून किती वळणदार आहे, असं त्यांना वाटलं.

महिन्याभराने, त्याच साच्यात लिहिलेला दामिनीचा एक निबंध तपासायला पाठवला. अशी निबंध तपासून देणारी मंडळी आता कॉम्प्युटरवर बसलेली असतात. कुठल्या गावी बसतात ते कळत नाही. दोन दिवसांनी उत्तर आलं. मार्क होते पाच. खाली शेरा होता : ‘दोन्ही बाजू समजल्या. पण हे लिहिणारी व्यक्ती कुठे आहे? हे एखाद्या सरकारी परिपत्रकासारखं वाटतं.’

साडेसहाची पोरगी महिन्याभरात पाचावर आली होती. शिकवण्याने इतक्या झपाट्याने फरक पडल्याची उदाहरणं थोडी असतील.

ओमप्रकाशराव त्या दिवशी जेवले नाहीत. म्हणजे पोळी खाल्ली, भात टाकला. ‘सरकारी परिपत्रकासारखं’ हा त्यांच्या मते अभिप्राय नव्हता, गौरव होता. पण तो गौरवाच्या सुरात लिहिलेला नव्हता, एवढं त्यांना कळत होतं. त्यांनी नऊ मुद्द्यांचा खुलासा लिहून पाठवला. त्याला दहा मिनिटांत उत्तर आलं : ‘डियर स्टुडंट, छान प्रयत्न! असाच सराव चालू ठेवा!’ आणि त्यापुढे एक पिवळं हसरं तोंड. चौतीस वर्षांत कार्यकारी अभियंत्यांनीसुद्धा त्यांना पिवळं तोंड दाखवलं नव्हतं.

“तुमी एकदा स्वतः लिहून पाहा ना,” गीतांजलीबाई म्हणाल्या. “चाळीस मिनिटं. मी घड्याळ घेऊन बसते.”

ते स्वयंपाकघरातल्या टेबलावर बसले. विषय होता, म्हाताऱ्यांनी मुलांजवळ राहावं की वेगळं. दोन्ही बाजू त्यांनी अठरा मिनिटांत मांडल्या. मग ‘स्वतःचं मत’ आलं आणि पेन थांबलं. बाकीची बावीस मिनिटं ते खिडकीतून बंडूभाऊंची स्कूटर पाहत बसले. कचेरीत मत असे ते ‘या कार्यालयाचे’. सही करणारा असे तो ‘अधोस्वाक्षरीकर्ता’. चौतीस वर्षांत त्यांनी हजारो पानं लिहिली, पण त्यात ‘मी’ हा शब्द एकदाही आला नव्हता, आणि हे त्यांच्या तोवर लक्षातच आलं नव्हतं.

“वेळ संपली,” गीतांजलीबाई हळूच म्हणाल्या. त्यांनी कागद पाहिला नाही. चहा ठेवायला उठल्या.

पुढच्या रविवारी ओमप्रकाशरावांनी फळा पुसला. “आजपासून निबंध बंद,” ते म्हणाले. “रोज एक मत द्यायचं. आय थिंक. मला वाटतं. कशावरही चालेल.”

दामिनी घोटाळली. “कायच्यावर सर?”

“तुला काय वाटतं त्यावर.”

“मले कोणी इचारलंच नाही आजवर,” ती म्हणाली. तक्रार म्हणून नाही, माहिती म्हणून. “घरी बा ठरवते. दवाखान्यात डॉक्टर ठरवते. मी चार्टवर लिहिते, पेशंट सीन, डोस गिव्हन. कोणी पाह्यलं, कोणी देलं, ते लिहाव नाही लागत.”

ओमप्रकाशरावांना तिच्याबद्दल एकदम माया वाटली. हा रोग त्यांच्या चांगल्याच ओळखीचा होता.

मतांचा सराव सुरू झाला आणि ज्ञानदानाचे दुष्परिणाम दिसू लागले. सागरने ड्यूटीच्या तक्त्यावर आपलं मत मेट्रनसमोर मांडलं, आधी दुसरी बाजू, मग ‘हाउएवर’, मग स्वतःची बाजू, अगदी शिकवल्याप्रमाणे. त्याला सलग दोन रविवार ड्यूटी लागली आणि तो शिकवणीतून गळाला. गीतांजलीबाई आतापर्यंत दारात उभं राहून ऐकत असत. त्याही खुर्ची घेऊन बसल्या. त्यांच्याकडे तेहतीस वर्षांचा साठा होता. पहिल्या आठवड्यात त्यांनी सोफ्याच्या कापडावर, नवऱ्याच्या मिशीवर आणि सासरच्या भरल्या वांग्यावर मतं दिली. भरल्या वांग्यावरचं मत इतकं मुद्देसूद होतं की ओमप्रकाशरावांनी सवयीने त्याला सात मार्क दिले, आणि आपण कशाला मार्क दिले ते त्यांना मागून कळलं. बंडूभाऊंना तर शिकवणीची गरजच नव्हती. त्यांची मतं फुकट वाहत असत.

दामिनीही हळूहळू बोलू लागली. कडू औषधावर बोलली, अकोल्याच्या उन्हावर बोलली. फक्त एका विषयाशी आली की अडे. तरुणांनी घर सोडून दूर जावं का, यावर तिने बापाची बाजू दीड पान लिहिली आणि स्वतःचं मत एका ओळीत : दोघंही बरोबर आहेत.

“असं चालत नाही,” ओमप्रकाशराव म्हणाले. “परीक्षकाला कळलं पाहिजे तू कुठे उभी आहेस.”

“सर, बा पन खरंच बरोबर आहे ना,” दामिनी म्हणाली. “मी एकलीच. मी गेली तं मळ्यात कोन?”

“बाबा काय म्हणतात?”

“पाहू म्हणते.”

या ‘पाहू’वर स्वतंत्र प्रकरण लिहिता येईल. ‘पाहू’ म्हणजे होकार नव्हे, नकारही नव्हे. आपल्याकडे अर्धे संसार ‘पाहू’वर चालतात. चंद्रभान मेहरे, म्हणजे दामिनीचा बाप, गेली दोन वर्षं ‘पाहू’ म्हणत होता, आणि दामिनी दोन वर्षं साडेसहावर अडली होती. या दोन गोष्टींचा काही संबंध असेल असं कोणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

जानेवारीत तिसऱ्या परीक्षेचा फॉर्म भरायचा होता. इथे ओमप्रकाशराव म्हणाले, “तू अभ्यास कर. फॉर्म माझ्याकडे सोड.” फॉर्म हा त्यांचा प्रांत. त्यांनी एकही रकाना रिकामा सोडला नाही. जिथे काही लिहायचं नव्हतं तिथे ‘निरंक’ची इंग्रजी आवृत्ती लिहिली. शेवटचं पान छापून, सही करून, पुन्हा स्कॅन करून पाठवायचं होतं. शेवटचा दिवस. दामिनी अकोल्याला ऑपरेशन थिएटरमध्ये, फोन बंद. झेरॉक्सचा दुकानदार म्हणाला, बिजली जाऊन राहिली काका, पाच मिनिटं आहेत.

आणि ओमप्रकाशरावांच्या हाताने चौतीस वर्षांच्या सवयीने जे करायचं ते केलं. साहेब दौऱ्यावर असले की साहेबांच्या नावाच्या वर ते आपली सही करत आणि शेवटी एक शब्द जोडत. तशीच त्यांनी इथे झोकदार सही केली, आणि खाली लिहिलं : दामिनी चंद्रभान मेहरे करिता. तेसुद्धा मराठीत. ‘करिता’ इंग्रजीत लिहिलं की त्याचा रुबाब जातो.

याची आठवण त्यांना नंतर झाली नाही. झोपेत कूस बदलली तर ती कोणाला आठवते?

परीक्षा फेब्रुवारीतल्या एका शनिवारी, अकोल्याला होती. पार्वताबाई म्हणाल्या, “सायेब, तुमी सोबत असले तं तिले धीर राहीन.” म्हणून ओमप्रकाशराव पहाटेच्या गाडीने निघाले. पिशवीत गीतांजलीबाईंनी दिलेले आलूचे पराठे होते, दोन पेनं होती आणि दोन्ही पेनं चालली नाहीत तर तिसरं होतं.

केंद्राच्या खिडकीत रागिणी नावाची पंचविशीची मुलगी लॅपटॉप घेऊन बसली होती. तिने दामिनीचा पासपोर्ट पाहिला, स्क्रीन पाहिली, पुन्हा पासपोर्ट पाहिला.

“ताई, ही सही तुमची नाही. आणि हे खाली करिता काय लिहिलंय?”

दामिनी पाहतच राहिली. ओमप्रकाशरावांनी मान पुढे केली आणि आपली सही ओळखली.

“तो एक प्रघात आहे,” ते म्हणाले. “सक्षम अधिकारी उपस्थित नसल्यास...”

“काका, उमेदवार उपस्थित नसल्यास म्हणजे दुसराच माणूस परीक्षा देऊन राहिला, असं आमचा नियम समजते,” रागिणी म्हणाली. “सही तं तुमची दिसून राहिली. तुमीच बसता काय पेपरले?”

मागे उभी असलेली दोन पोरं हसली. ओमप्रकाशरावांचे कान तापले.

“दार वीस मिनिटांत बंद होते,” रागिणी जरा नरमून म्हणाली. “एक खुलासा लिहून द्या. मी आत मोठ्या मॅडमले दाखवते. त्या ठरवतीन.”

खुलासा! ओमप्रकाशरावांच्या जीवात जीव आला. चौतीस वर्षांत त्यांनी वाहून गेलेल्या कालव्यांचे खुलासे लिहिले होते. ही तर एक सही होती. त्यांनी बाकावर कागद ठेवला आणि चार मिनिटांत सुंदर इंग्रजीत लिहिलं, की सदर स्वाक्षरी नजरचुकीने करण्यात आली असल्याचे आता निदर्शनास आले आहे.

रागिणीने वाचलं. “बरं. पन केली कोनी?”

“नजरचुकीने झाली.”

“नजरचूक माणसाची असते ना काका. कोनत्या?”

दुसऱ्या मसुद्यात ‘या कार्यालयाकडून’ आलं. रागिणीने विचारलं, कोणतं कार्यालय? मग त्यांना आठवलं की कार्यालय दोन वर्षांपूर्वी नारळ आणि शाल देऊन मोकळं झालं होतं. तिसऱ्या मसुद्यात ‘अधोस्वाक्षरीकर्ता’ आला आणि अर्ध्यावर थांबला. घड्याळात सात मिनिटं उरली होती.

“राहू द्या, सर,” दामिनी म्हणाली. ती भिंतीला टेकून उभी होती. “नशिबातच नसन. बाले पन बरं वाटन. मी सांगून देईन, सहीत चूक झाली म्हणून.”

ओमप्रकाशरावांनी तिच्याकडे पाहिलं. तिचे डोळे भरले होते, आणि तरी ओझं उतरल्यासारखे तिचे खांदे सैल पडले होते. पोरगी सुटू पाहत होती. आपलं मत द्यायची वेळ परत एकदा टळत होती, आणि या वेळी तर कोणाची चूकही नव्हती. नजरचुकीने झालं होतं. त्यांना फार वाईट वाटलं. आणि हे सगळं आपल्या एका शब्दाने झालं, याची लाज वाटली. इतकी लाज त्यांना निवृत्तीच्या दिवशी भाषण विसरले तेव्हाही वाटली नव्हती.

त्यांनी नवा कागद घेतला. घाईत अक्षराचं वळण गेलं होतं. त्यांनी लिहिलं : आय साइन्ड इट. शी डिड नॉट नो. आय वॉज राँग. आय थिंक शी शुड सिट फॉर धिस एक्झाम.

चार वाक्यं. विषय नाही, संदर्भ नाही. ‘आपला विश्वासू’सुद्धा राहून गेलं. दामिनीने त्यांच्या खांद्यावरून ते वाचलं. रागिणी कागद घेऊन आत पळाली. ती परत येईपर्यंत ओमप्रकाशरावांनी पिशवीचा बंद सात वेळा बांधला आणि सोडला.

“जा ताई, आत जाऊन स्वतःची सही करा. मोबाइल इथं ठेवा,” रागिणी धापा टाकत म्हणाली. दामिनी आत गेली. दार लागलं. मग रागिणी खिडकीतून वाकून म्हणाली, “काका, आधीच्या तीन कागदांपेक्षा हा चांगला होता हं.” ओमप्रकाशरावांनी तिला एक पराठा दिला.

तेरा दिवसांनी निकाल आला. निबंधात सात.

पार्वताबाईंनी फाटकातून हाक मारली तेव्हा भाजीची टोपली रिकामीच होती. “सायेब, पास झाली! पन दामिनीचा बा सकाळपासून बोलून नाही राहिला. सरांले घेऊन ये म्हणते.”

ओमप्रकाशरावांना वाटलं, आता बोलणी खायची आहेत. गीतांजलीबाई सोबत निघाल्या. चारचाकी बंडूभाऊंच्या ओळखीची होती, त्यामुळे बंडूभाऊही निघाले आणि नांदगाव पेठ येईपर्यंत, बापाने हात उगारला तर कोणत्या बाजूने पळावं, यावर त्यांनी दोन्ही बाजू मांडल्या.

चंद्रभान मळ्यात बांधावर बसून मेथीच्या जुड्या बांधत होता. रापलेला, सडसडीत माणूस. उठला नाही. “बसा,” म्हणाला. बाजूला दामिनी उभी होती, ड्यूटीवरून तशीच आलेली.

“सर, मले इंग्रजी येत नाही,” तो म्हणाला. “पन दोनदा नापास झाली अन् आता पास झाली. मंग या खेपेले असं काय लिहिलं तिनं? ते मले आयकाचं आहे.”

पेपर परत मिळत नसतो. पण दामिनीने आठवून आठवून तो निबंध पुन्हा वहीत लिहिला होता. विषय होता, आईबापाचा धंदा मुलांनी पुढे चालवावा की आपली वाट धरावी. तिने वही बापाला न देता ओमप्रकाशरावांच्या हातात दिली.

त्यांनी चष्मा लावला. एक ओळ मनात वाचायची आणि तिचं मराठी करून सांगायचं, असं सुरू झालं. दोन ओळींनंतर त्यांची कचेरीची मराठी आपोआप गळाली आणि लहानपणी आजीशी बोलत ती बोली तोंडात आली.

“‘माया बा ढेकूळ हातात घेते अन् सांगते, पाणी देवाव का थांबाव. हे कोनत्या पुस्तकात नाही. मी गेली तं हे शिकाले त्याच्यापाशी कोनी राहनार नाही. म्हणून जे म्हणतात पोरांनी घरचा धंदा करावा, ते खोटं नाही बोलत.’”

चंद्रभानचे हात मेथीवर थांबले.

“‘मी नर्स आहे,’” ओमप्रकाशराव पुढे सांगू लागले. “‘आजाऱ्याच्या कपाळाले मी हात लावते अन् मशीनच्या आधी मले ताप समजते. ते मले कॉलेजात नाही शिकवलं. ते मी बाच्या वावरात शिकली, ढेकूळ हातात घेऊन. म्हणून मी त्याचा धंदा सोडून नाही राहिली. मी तो दुसरीकडं घेऊन जाऊन राहिली. मले वाटते...’”

इथे त्यांनी चष्मा काढून पुसला. गीतांजलीबाईंनी पाण्याची बाटली पुढे केली. बंडूभाऊ, कधी नव्हे ते, गप्प होते.

“‘मले वाटते, मी जावं,’” ओमप्रकाशरावांनी वाक्य पूर्ण केलं आणि वही मिटली.

 पाण्याची मोटार तेवढी चालू होती. मग चंद्रभान जमिनीकडे पाहत म्हणाला, “दोन्ही परीक्षेच्या येळी मी रिद्धपूरच्या देवाले जाऊन आलो, सर. दंडवत घातला अन् म्हटलं, देवा, पोरीच्या मनासारखं होऊ दे. पन घाई नको करू.” तो थांबला. “तो अर्धा मार्क मायाच होता. या खेपेले मी गेलोच नाही. म्हटलं, तिचं तिले पाहू दे.”

पार्वताबाईंनी पदर तोंडाला लावला. दामिनी बापाजवळ येऊन बांधावर बसली, पांढऱ्या कपड्यांना माती लागेल याचा विचार न करता. त्याने तिच्याकडे पाहिलं नाही. मेथीची एक मूठ उचलून काड्या सारख्या केल्या.

“तिकडं थंडी लय असते म्हणते,” तो म्हणाला. “नर्सले स्वेटर सरकारी भेटते, का आपलं न्या लागते?”

“भेटते, बा,” दामिनी म्हणाली. “तिथं सगळं भेटते.”

“भेटत असन.” चंद्रभानने जुडीला दोरा गुंडाळला. “पन तू इथूनच नेजो. मी आनून देतो.”

एवढं बोलून तो पुन्हा कामाला लागला. आणि तीस वर्षं जुड्या बांधणाऱ्या त्या माणसाच्या हातून ती एक जुडी तीनदा सुटली.